'आजीवन फुकट थ्री-जी' सांगून विकलेलं किंडल

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि बारीक टाइपातली पुस्तकं त्यांनी बाजूला ठेवली. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस वाचल्याशिवाय कसा राहणार? अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून किंडल, म्हणजे अॅमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचं ठरवलं. मराठी पुस्तकंही २०१६ च्या डिसेंबरपासून त्यावर मिळतात. घर राजापूर तालुक्यात, तिथे वाय-फाय नाही, अण्णांचा फोन बटणांचा. त्यामुळे वाय-फायचं घ्यावं की मोबाईलच्या नेटवर्कवरून पुस्तक उतरवणारं थ्री-जीचं, हाच माझा प्रश्न होता. दुकानदाराने तो बरोबर हेरला.

पुण्यातलं जुन्या मोबाईलचं दुकान. किंडलच्या पेपरव्हाइट या मॉडेलचे, २०१५ चे, दोन नग होते. वाय-फायचं पाच हजार, थ्री-जीचं साडेसात. "गावाला द्यायचंय ना साहेब? मग हेच न्या. सिम आतच आहे, रिचार्जची भानगड नाही, आजीवन फुकट." नवीन असताना वाय-फायचं १०,९९९ ला आणि थ्री-जीचं १३,९९९ ला मिळायचं हे मला माहीत होतं, त्यामुळे भावातल्या फरकाची शंका आली नाही. शिवाय पूर्वी ते थ्री-जी खरोखर फुकट असायचं, पुस्तक उतरवण्याचा खर्च कंपनी सोसायची. त्याने माझ्याच अकाउंटवरून एक पुस्तक माझ्यासमोर उतरवून दाखवलं. अर्ध्या मिनिटात आलं. काचेच्या काउंटरवर त्याचा फोन पालथा पडलेला होता. तेव्हा त्याकडे माझं लक्षही गेलं नाही.

किंडल अण्णांना दिलं, कसं वापरायचं ते शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला परत आलो. त्यावर आधीच पाच-सहा पुस्तकं होती, ती त्यांनी महिनाभरात संपवली. नवीन काही येईना. फोनवर मी सांगायचो, "रेंज नसेल, सड्यावर जाऊन बघा." आमच्याकडे फोनला रेंज सड्यावरच, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच, धड मिळते. अण्णा दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी चढ चढून वर जायचे, किंडल हातात धरून उभे राहायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. "अरे, माझंच काहीतरी चुकतंय. तू आलास की बघ," म्हणाले. एक-दोनदा मी वैतागून बोललोही त्यांना. पैसे गेले त्याहून हे मला जास्त लागलं आहे.

गणपतीला घरी गेलो तेव्हा स्वतः सड्यावर जाऊन पाहिलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काही येईना. शेवटी चुलतभावाने त्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला. वर पंख्यासारखं वाय-फायचं चिन्ह उमटलं आणि मिनिटभरात दोन पुस्तकं खाली आली. तेच चिन्ह मी दुकानात पाहिलं होतं! थ्री-जी चालू असतं तर तिथे रेंजच्या काड्या आणि शेजारी '३जी' अशी अक्षरं दिसली असती. म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावून मला 'थ्री-जी' दाखवलं होतं. खरं चालत नाही हे ठाऊक असल्याशिवाय कुणी अशी तयारी करत नाही.

नंतर नीट माहिती काढली. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्री-जी बंद करायला सुरुवात केली आणि पुढे ते देशभरातून गुंडाळलं. जिओकडे थ्री-जी कधी नव्हतंच, ते २०१६ मध्ये थेट फोर-जीनेच सुरू झालं. अमेरिकेत तर अॅमेझॉनने २०२१ मध्येच जुन्या किंडलच्या ग्राहकांना कळवून टाकलं होतं की टू-जी, थ्री-जीवरची जोडणी आता जाणार. मशीन अस्सल होतं, खोकं अस्सल होतं, आत सिमही होतं. मी अडीच हजार रुपये जास्त मोजले ते बंद पडलेल्या नेटवर्कसाठी.

दुकानात गेलो तर म्हणाला, "खोक्यावर थ्री-जी लिहिलंय ना? मग मी काय खोटं बोललो?" बिलावर नुसतं 'किंडल १ नग' आणि खाली 'माल परत घेतला जाणार नाही'. आजीवन, फुकट, सिम, यातला एकही शब्द कागदावर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तोंडी आश्वासन सिद्ध करायला माझ्या हातात काही नाही. तो जे बोलतो ते बिलावर लिहून घ्यायला हवं होतं. लिहायला नकार दिला असता तर तिथेच कळलं असतं.

कुणी असं जुनं मॉडेल दाखवलं तर ते घेऊन दुकानाबाहेर या, दोन दुकानं पुढे चालत जा आणि मग पुस्तक उतरवून बघा. कोपऱ्यातलं चिन्ह बघा. सेटिंगमध्ये आधीच्या मालकाचं नाव अजून आहे का तेही तपासा. आणि थ्री-जी लिहिलंय म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका, भाव वाय-फायचाच करा. २०२१ पासूनची पेपरव्हाइट तर फक्त वाय-फायवरच येतात.

वाचायला इंटरनेट लागतच नाही, ते फक्त पुस्तक उतरवण्यापुरतं, हे मी आधी शांतपणे ध्यानात घ्यायला हवं होतं. पाच हजारांचं वाय-फायचं किंडल अण्णांना पुरेसं होतं. आता चुलतभाव दर रविवारी येतो, ओटीवर बसून हॉटस्पॉट लावतो. अण्णा कागदावर पुस्तकांची नावं लिहून तयार असतात. पहिल्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम फोन केला आणि विचारलं, "म्हणजे मी करत होतो ते बरोबरच होतं ना?" होतं, अण्णा. सगळं बरोबर होतं.