कबड्डीचा डिजिटल बोर्ड : सात महिने वापरल्यावर

दिवाळीत आमच्या मंडळाने डिजिटल बोर्ड घेतला. आम्ही अलिबागकडचे, त्यामुळे दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत कबड्डीच कबड्डी. शेजारच्या मंडळांनीही मागून नेला, म्हणजे बोर्डाला उसंत अशी मिळालीच नाही. आता पावसाळ्यासाठी ताडपत्रीत गुंडाळून ठेवलाय, म्हणून सवडीने लिहितोय.

नुसते गुण दाखवायला बोर्ड लागत नाही. पाट्या उलटणारा पोरगा ते काम दोन वडापाववर करायचा. पैसे वसूल झाले ते ३० सेकंदांच्या घड्याळामुळे. पूर्वी चढाईची वेळ गुणलेखकाच्या टेबलावरच्या स्टॉपवॉचमध्ये असायची आणि भांडण मैदानात. 'अजून दोन सेकंद होते' म्हणत अर्धा संघ टेबलावर यायचा. आता शेवटचे पाच सेकंद अख्खं मैदान मोठ्याने मोजतं, भोंगा वाजतो, विषय संपला.

पण पहिल्याच स्पर्धेत आम्ही गाढवपणा केला. शोभेसाठी बोर्ड स्टेजवर, म्हणजे क्रीडांगणाच्या एका टोकाला लावला. एका संघाच्या चढाईपटूला घड्याळ समोर, दुसऱ्याच्या पाठीमागे! मध्यंतरात बाजू बदलतात हे खरं, पण तोवर शिव्या खाऊन झाल्या होत्या. बोर्ड लांब बाजूलाच लावा, टेबलाच्या समोर.

आमची पॅनेल लाल रंगाची पी१० (म्हणजे दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर), प्रत्येक ३२ बाय १६ सेंटिमीटर. आडवी सहा, उभी आठ. उभ्या आठ पॅनेलना मिळून ५ व्होल्टचा एक पॉवर सप्लाय. जानेवारीत एका उपांत्य सामन्यात, दव पडलेलं, जनरेटर आचके देतोय, आणि पाचव्या उभ्या रांगेचा सप्लाय उडाला. उजव्या संघाचा दशकाचा आकडा गेला. २४-३१ चालू होतं, बोर्डावर २४-१. उशिरा आलेले प्रेक्षक हरणाऱ्या संघासाठी टाळ्या पिटत होते. विक्रेत्याने 'उद्या माणूस पाठवतो' म्हटलं, तो उद्या बाराव्या दिवशी उगवला. तेव्हापासून एक जादा सप्लाय आणि दोन पॅनेल डब्यात असतात. पॅनेल मूळ खरेदीतच जादा घ्या, नंतरच्या मालाचा लाल रंग जुळत नाही. पुढून पाण्याचा बंदोबस्त असतो, मागची बाजू उघडीच, तिथे प्लास्टिक लावा. सप्लायचे पंखे मात्र झाकू नका.

मोबाइल अ‍ॅपवरून गुण देणं हा शुद्ध ताप. एकदा लोणाचे (समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे) दोन गुण द्यायचे तेवढ्यात ज्याचा फोन होता त्याच्या सासऱ्यांचा कॉल आला. वायरचा कन्सोलच (बटणांची पेटी) मागा. आणि गुणलेखकाची वही बंद करू नका, वाद झाला की पंच वहीच बघतात, बोर्ड नाही.

पोरांची तक्रार वेगळी : रीलमध्ये आकडे तुटलेले दिसतात. बोर्डात बिघाड नाही. या पॅनेलमध्ये एका क्षणी चौथा हिस्साच ओळी पेटलेल्या असतात, बाकीचं डोळा भरून काढतो, कॅमेरा काढत नाही. फोनचं शटर थोडं हळू ठेवलं की आकडे सरळ येतात.

अंतिम सामन्याला हौसेने भाड्याची मोठी व्हिडिओ स्क्रीनही आणली होती. चित्र झकास, पण येतं सेकंदभर उशिरा. मैदानात पकड झालेली, स्क्रीनवर चढाईपटू अजून बोनस रेषेवर पाय टाकतोय. त्यात ऑपरेटरने एक निसटती पकड परत दाखवली आणि पब्लिक पंचांच्या अंगावर आलं. आपल्या स्पर्धेत रिव्ह्यू नाही, मग रिप्ले कशाला दाखवायचा? पुढच्या वर्षी स्क्रीनचे पैसे बाद, त्यात दोन्ही संघांच्या बाजूला छोटी घड्याळं बसवतोय. पाट्यांचा संच टेबलाखाली अजून आहे, पोरगाही वडापाव खायला येतोच.