एमबीए सांगलीत की भुवनेश्वरच्या जेझुइट विद्यापीठात?

सांगलीच्या पदवीधराला घरी राहून एमबीए करायचे असेल, तर राज्याची सीईटी देऊन शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेता येतो. खर्च आटोक्यात राहतो आणि हळदीच्या व्यापारी पेढ्यांशी, साखर कारखान्यांशी असलेला संबंध टिकतो. भुवनेश्वरच्या एक्सआयएम विद्यापीठाची वाट निराळी आहे. ओडिशा सरकार आणि जेझुइट हा ख्रिस्ती धर्मसंघ यांच्या करारातून १९८७ साली उभ्या राहिलेल्या व्यवस्थापन संस्थेतून ते वाढले असून, तेथे ग्रामीण व्यवस्थापनाचा स्वतंत्र एमबीए अभ्यासक्रम आहे. ख्रिस्ती धर्मसंघाचे नाव ऐकून काही पालक बिचकतात. परंतु तेथे सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकतात. खरी अडचण शुल्काची आणि अंतराची आहे. तरीही ज्याला पुढे सहकारातच काम करायचे आहे, त्याने हा ग्रामीण व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आधी पाहावा, असे मला मनापासून वाटते.