न वेद्मि! रशियन, चेक की पोलिश?

शाळेत संस्कृत झालंय, आता एखादी स्लाव्ह भाषा शिकायचीय, पण कोणती ते ठरत नाही? मग एकच क्रियापद लावून बघा: आद्य-स्लाव्ह, म्हणजे या सगळ्या भाषांच्या मूळ भाषेतलं, *वेदेती, म्हणजे 'माहीत असणे'. ते लिहिलेलं कुठेच सापडत नाही. आजच्या-जुन्या भाषा ताडून अभ्यासकांनी जुळवलंय, म्हणून आधी तारा. मुळातला धातू 'पाहणे' या अर्थाचा. पाहिलं, म्हणून कळलं. आपला 'विद्' तोच. (रशियन ही संस्कृतची लेक, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. लेक नव्हे, लांबची चुलत बहीण.)

'मला माहीत आहे' हे पोलिशमध्ये 'व्येम', चेकमध्ये 'वीम'. शेजारी संस्कृत 'वेद्मि' (मी जाणतो) ठेवा: 'द्' गळला, 'मि'मधला 'म' टिकला. दोन्हीकडे हे रोजच्या बोलण्यातलं. जोडीला दुसरं क्रियापद आहे, चेक 'झ्नात', पोलिश 'झ्नाच'. ते 'ज्ञा'चं, आपल्या 'जाणणे'चं भावंड. स्टेशन कुठे आहे हे माहीत असेल तर 'वीम', प्राग ओळखीचं असेल तर 'झ्नाम'. माहीत असणं वेगळं, ओळखणं वेगळं; मराठी माणसाला हे समजावावं लागत नाही.

रशियनमध्ये मात्र 'झ्नात'नं दोन्ही जागा बळकावल्या. 'व्येदत' उरलंय ते पुस्तकी, किंवा एखादं खातं सांभाळण्याच्या अर्थानं. पण त्याचा गोतावळा बघा: 'व्येस्त' म्हणजे बातमी, 'सोव्येस्त' म्हणजे सदसद्विवेक, 'व्येद्मा' म्हणजे चेटकीण, मुळात जाणती बाई. आणि 'बोग व्येस्त', म्हणजे 'देव जाणे'! त्यातलं 'व्येस्त' हे बातमीचं नव्हे, जुनं क्रियारूप आहे, थेट संस्कृत 'वेत्ति'च्या (तो जाणतो) जोडीचं. आपलंही तसंच झालं की: बोलताना 'जाणणे', आणि 'विद्' उरला विद्या-विद्वानांपुरता.

बाकी हिशेब सोपा. पुण्या-मुंबईत शिकवणारे मिळतात ते रशियनचे, वाचायलाही तिथेच सर्वांत जास्त. सिरिलिक लिपी आठवड्यात येते; छळतो तो आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावरचा जोर. तो कुठेही पडतो, आणि आघात नसलेला 'ओ' 'अ'सारखा ऐकू येतो. चेकमध्ये आघात कायम पहिल्या अक्षरावर, पोलिशमध्ये बहुधा शेवटून दुसऱ्या.

नोकरी किंवा टॉल्स्टॉय हवा असेल तर रशियन घ्या. निव्वळ हौस असेल तर मी पोलिशच सांगेन. पहिल्याच तासाला शिक्षक काहीतरी विचारतील, आणि तुम्हाला म्हणावं लागेल, 'न्ये व्येम'.