एनडीएची जागा विकणारा नेमकं काय विकतो

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, 'सीट पक्की' करून देतो म्हणणारा माणूस प्रत्यक्षात काहीच करत नाही. दहा पालकांकडून पैसे घेतो आणि निकालाची वाट बघत बसतो. दहातली एखाद-दोन मुलं स्वतःच्या बळावर पुढे जातात. त्यांचे पैसे तो 'काम झालं' म्हणून ठेवून घेतो. उरलेल्यांत जे फार तगादा लावतात त्यांना थोडे परत करतो आणि बाकीच्यांना पुढच्या अटेम्प्टचा वायदा देतो. 'काम नाही झालं तर पैसे परत' हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं सहज येतं ते यामुळेच. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. त्यामुळे गिऱ्हाईक कधी आटत नाही.

पालक फसतात ते लोभापायी कमी आणि वेळापत्रक माहीत नसल्यामुळे जास्त. एप्रिलची परीक्षा दिलेल्याचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरवाल्याचा जुलैत. अर्जापासून धरलं तर जवळजवळ वर्ष जातं. या वर्षात अधिकृत खबर येते ती मोजून चार-पाच वेळा. मधल्या महिन्यांत कुठूनच काही कळत नाही, आणि दलालाचा फोन येतो तो नेमका तेव्हा.

पहिला घोळ बहुधा नेट कॅफेत होतो. लेखी परीक्षा यूपीएससी, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो आणि तिची फी 100 रुपये आहे. मुलींना, एससी-एसटी उमेदवारांना आणि सैन्यातले जेसीओ, एनसीओ (अधिकाऱ्यांच्या खालचे हुद्दे) आणि जवान यांच्या, नियमात बसणाऱ्या मुलांना तीही नाही. फॉर्म भरून देणाऱ्याने वर दोन-पाचशे घेतले तर ते त्याच्या मेहनतीचे, त्याबद्दल तक्रार नाही. धोका आहे तो फॉर्मवर त्याने स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाकण्यात. लेखी पास झाल्यावर मुलाला दोन आठवड्यांच्या आत लष्कराच्या भरती संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, तीही यूपीएससीला दिलेल्याच ई-मेलवरून. एसएसबीचं, म्हणजे लेखीनंतरच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीचं, केंद्र आणि तारीख तिथून ठरते. ई-मेल कॅफेवाल्याचा असेल तर किल्लीही त्याच्याच खिशात राहते. मग 'तारीख मिळवून देण्याचे' पैसे मागितले जातात, आणि ती नोंदणी फुकट असते. दुसऱ्याचा ई-मेल पडलाच असेल तर लेखीचा निकाल लागायच्या आत त्याचा पासवर्ड ताब्यात घ्यावा. निकालानंतर भाव वाढतो.

लेखीच्या निकालानंतर दुसरा फोन येतो: 'मुलगा दोन मार्कांनी राहिलाय, वरून बसवून घेऊ.' लेखीच्या निकालात मार्क नसतातच. पास झालेल्यांची यादी लागते, बस्स. मार्क संकेतस्थळावर येतात ते अंतिम निकाल लागल्यावर, म्हणजे एसएसबी आटोपून कित्येक महिन्यांनी. मे महिन्यात जो मार्क सांगतो तो ते मनाने सांगतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे 'उत्तरपत्रिका कोरी सोड, आतून भरून घेऊ'. गणिताचे 120 प्रश्न 300 मार्कांना, जनरल अ‍ॅबिलिटीचे 150 प्रश्न 600 मार्कांना, आणि चुकलेल्या प्रश्नाला त्याच्या मार्कांच्या एक तृतीयांश वजा. तयारी बरी असलेला मुलगाही या बोलण्यावर विसंबून पन्नास-साठ गोळे रिकामे सोडून येतो. स्वतःहून कदाचित निघाला असता तोही तिथेच संपतो. वर दलाल निगेटिव्ह मार्किंगवर खापर फोडून मोकळा. इथे पैशाबरोबर अटेम्प्टही जातो, आणि वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस असताना हाताशी अटेम्प्ट असतात तरी किती?

एसएसबीबद्दल जे विकलं जातं ते ऐकून खरं तर हसू यायला हवं. 'बोर्डात आपले कर्नलसाहेब आहेत.' ठीक, पण तिघांपैकी कुठले? पहिल्या दिवशी स्क्रीनिंग होतं आणि त्यात गळलेली मुलं त्याच दिवशी परत निघतात. राहिलेल्यांना पुढचे दिवस मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारा ग्रुप टेस्टिंग ऑफिसर आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे वेगवेगळे जोखतात. मानसशास्त्रज्ञ मुलाला समोर बसवत नाही, त्याच्यापुढे फक्त उत्तरपत्रिका असते. मैदानावर मुलगा म्हणजे छातीवरचा एक नंबर. पाचव्या दिवशी कॉन्फरन्सला सगळं बोर्ड एकत्र बसतं आणि काही तासांत निकाल तिथेच तोंडी सांगितला जातो. म्हणजे घरी पोहोचल्यावर 'तुमच्या मुलाचं अजून बोर्डात चाललंय, हलवायचं का?' असा फोन आला, तर त्या वेळी हलवायला काही उरलेलंच नसतं. निवृत्त अधिकाऱ्यांनी फी घेऊन सराव करून घेणं ही वेगळी गोष्ट आणि ती राजरोस चालते. 'आतून सांगतो' हे शब्द आले की शिकवणी संपली असं समजावं.

सगळ्यात जास्त पैसा मात्र मेडिकलवर निघतो, कारण तिथे मुलगा यशाच्या अगदी तोंडाशी आलेला असतो. एसएसबीतून रेकमेंड झाला, घरात पेढे वाटून झाले, आणि लष्करी रुग्णालयातल्या बोर्डाने अनफिट लिहिलं. दलालाचं कसब इथे बघावं. तो आधी कारण विचारतो. कानात मळ, नाकाचा वाकलेला पडदा, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा), थोडं जास्त वजन असं काही असेल तर लगेच हो म्हणतो. ही कारणं उपचाराने, छोट्या शस्त्रक्रियेने किंवा वजन उतरवून दुरुस्त होतात, आणि अपील मेडिकल बोर्डाची सोय नियमातच आहे. त्यासाठी 42 दिवसांची मुदत असते. मुलगा नाकाचं ऑपरेशन करून घेतो, अपिलात फिट ठरतो, आणि श्रेय मिळतं दलालाला. 'आपल्या माणसाने सही केली', असं तो सांगतो आणि वडील वर्षभर ते चार जणांना सांगत फिरतात. पुढची गिऱ्हाइकं अशी जमतात. रंगआंधळेपणा निघाला तर हाच माणूस 'बघतो, जरा वर बोलावं लागेल' म्हणत आगाऊ रक्कम घेतो आणि 42 दिवस टोलवत राहतो. तो दोष ऑपरेशनने जाणारा नाही, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

या टप्प्यावर पैसा दलालावर घालवण्याऐवजी एखाद्या निवृत्त लष्करी डॉक्टरकडून, खरं म्हणजे अर्ज भरायच्याही आधी, तपासणी करून घ्यावी. कानातला मळ गावातला ईएनटी दहा मिनिटांत काढून देतो.

मग येते मेरिट लिस्ट आणि जॉइनिंग लेटर यांच्यामधली फट. लेखीचे 900 आणि एसएसबीचे 900 मिळून ही यादी लागते आणि त्यात मेडिकलचा निकाल धरलेला नसतो. एनडीएच्या जागा एका वेळी 370, त्यात लष्कर 208, नौदल 42, हवाई दल 120. नौदल अकादमीच्या थोड्या जागा वेगळ्या. यादीतली नावं मात्र जागांपेक्षा बरीच जास्त असतात. वरचे काही मेडिकलला गळतात, काही दुसरीकडे जातात, तसा खालच्यांचा नंबर लागतो. यादीच्या तळाशी नाव असलेल्या मुलाचे आईवडील दोन महिने जीव मुठीत धरून बसलेले असतात. यादी सगळ्यांसाठी खुली असल्यामुळे दलालालाही ती पीडीएफ आपल्याइतकीच दिसते.

त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र येतं. वर जरा फिकट राजमुद्रा, खाली 'मेजर जनरल' एवढीच ओळख असलेली सही. रोल नंबर बरोबर, जन्मतारीख बरोबर, कारण अ‍ॅडमिट कार्डाचा फोटो मुलानेच त्याला पाठवलेला असतो. मधोमध 'रिफंडेबल सिक्युरिटी' म्हणून 48,650 सारखी रक्कम. आकडा मुद्दाम वेडावाकडा ठेवतात. पन्नास हजार म्हटलं की लाचेचा वास येतो, 48,650 म्हटलं की सरकारी पावतीसारखं वाटतं. खाली खाते क्रमांक, आणि ते खातं कुणातरी माणसाच्या नावाचं.

हे खोटं पचतं, कारण त्यात एक खरी गोष्ट मिसळलेली असते. प्रबोधिनीत शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, औषधोपचार यांचा खर्च सरकार करतं, तरी रुजू होताना मुलाचा पॉकेट अलाउन्स आणि काही वस्तूंसाठी पालकांना रक्कम खरोखर भरावी लागते. ऐकीव माहितीवर पालक म्हणतात, 'हो, काहीतरी भरायचं असतं खरं.' भरायचं असतं ते प्रबोधिनीकडे, आणि त्यातल्या बाबी यूपीएससीच्या जाहिरातीच्या परिशिष्टात आधीच छापलेल्या असतात. पत्र हातात आलं की तीन गोष्टी बघाव्यात: मुलाचं नाव यूपीएससीच्या अंतिम यादीत आहे का, पत्रातला कोर्स क्रमांक जाहिरातीतल्या क्रमांकाशी जुळतो का, आणि पैसे कुणाच्या नावे मागितलेत. पहिल्याच गोष्टीत उत्तर 'नाही' आलं तर पुढच्या दोन बघायची गरज नाही.

'मॅनेजमेंट कोटा', 'स्पोर्ट्स कोटा', 'माजी सैनिक कोटा', जातीच्या दाखल्यावरची जागा, यातलं एनडीएत काहीही नाही. सैनिकी शाळांचे नियम निराळे, आणि दलाल ते नियम दाखवून एनडीएची जागा विकतो. खासगी 'डिफेन्स अकॅडमी'त अकरावीला प्रवेश घेणं म्हणजे एनडीएत प्रवेश नव्हे, हेही सांगावं लागतं. नावातला सारखेपणा योगायोगाचा नसतो. 'निवड न झाल्यास फी परत' लिहिलं असेल तर खालची बारीक अक्षरं वाचावीत. तिथे 'निवड' म्हणजे काय ते दिलेलं असतं, आणि बहुधा ते खडकवासल्यापर्यंत पोहोचत नाही.

पैसे गेलेच तर पालक गप्प बसतात, कारण आपणही चोरवाटेने निघालो होतो ही टोचणी असते. दलालाचा खरा विमा तोच. वशिला लावणं हे उमेदवारी रद्द होण्याचं कारण आहेच, म्हणून पैसे नेमके कशासाठी दिले ते वकिलाला आधी खरं खरं सांगावं. पण बनावट पत्र पाठवून 'सिक्युरिटी' उकळली असेल तर पालक निव्वळ फसलेला आहे, त्याने कचरायचं कारण नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. शिवाय 2024 च्या सार्वजनिक परीक्षा कायद्यात यूपीएससीच्या परीक्षा येतात, आणि बनावट प्रवेशपत्र किंवा नेमणुकीचं पत्र देणं, खोटं संकेतस्थळ उघडणं यांना किमान तीन वर्षं कैद आहे.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, पुढच्या खात्यात सरकायच्या आत रक्कम गोठवता येते. यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक, समोरचा खाते क्रमांक आणि रक्कम हाताशी ठेवावी. चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट काढले तरी मूळ फोन जपून ठेवावा. तक्रार दाखल झाली की बहुतेकदा 'अर्धे घ्या आणि मागे घ्या' असा निरोप येतो. तोही त्याच फोनवर राहू द्यावा. आणि त्याच संध्याकाळी मुलाच्या ई-मेलचा आणि दोन्ही संकेतस्थळांचा पासवर्ड बदलावा, पुढचा अर्ज त्याच नोंदणीवरून भरायचा आहे.