भरलेल्या गाडीसाठी टायर इन्फ्लेटर : कॅम्पिंगच्या तयारीतील एक आवश्यक साधन

कुटुंबासह कॅम्पिंगला निघायचे ठरले की तंबू, अंथरुणे, पाण्याचे कॅन आणि शेगडी यांची यादी आठवणीने केली जाते. गाडीच्या बाबतीत मात्र इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक तपासून झाले की टायरवरून नुसती नजर फिरवली जाते. वास्तविक माणसांनी आणि सामानाने भरलेल्या गाडीचा सगळा भार टायरमधील हवाच पेलत असते. म्हणूनच या तयारीसाठी मी गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा डिजिटल इन्फ्लेटर, म्हणजे टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप, घेतला, आणि काही उणिवा असूनही तो प्रत्येक कॅम्पिंग करणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत असावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बहुतेक गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात अनेकदा नेहमीच्या वापरासाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा आकडा दिलेला असतो; मागच्या टायरसाठी हा दुसरा आकडा बराच जास्त असू शकतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हवा कमी असेल तर भाराखाली टायरची कड सतत दबत राहते, टायर तापतो आणि लांबच्या पल्ल्यात तो फुटण्याचा धोका वाढतो. शिवाय हा दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर मोजायचा असतो. हवा भरून घेण्यासाठी गाडी दूर चालवत नेली की टायर तापतात आणि दाब थंड टायरपेक्षा जास्त दिसतो. सामान भरून झाले आहे, गाडी जागेवरच उभी आहे आणि टायर थंड आहेत, अशा वेळी हवा भरता येणे हा या साधनाचा सर्वांत मोठा फायदा आहे.

वापरायला ते सोपे आहे. जितका दाब पाहिजे तो आधी नोंदवून ठेवला की तो गाठताच मोटर आपोआप थांबते. पंप चालू असताना पडद्यावरचा आकडा थोडा वरखाली होत राहतो, त्यामुळे मोटर थांबल्यावर दिसणारा आकडाच खरा धरावा. वेगळ्या गेजने पडताळून पाहिले तेव्हा १ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) जास्त फरक आढळला नाही. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे पितळी नोझल घट्ट बसते, पण काढताना फुस्स करून थोडी हवा जाते आणि ते बरेच तापलेलेही असते, म्हणून हाताशी फडके ठेवावे. वायर मागच्या चाकापर्यंत आरामात पोहोचते.

स्टेपनीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ज्या गाड्यांत तात्पुरत्या वापराची अरुंद स्टेपनी असते, तिला बहुधा ६० पीएसआय इतका दाब लागतो आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरपेक्षा वेगाने जायचे नसते. इतका दाब गाठताना या पंपाला चांगलाच वेळ लागला आणि मोटरचा आवाजही जड झाला, पण त्याने काम पूर्ण केले. सलग १५ मिनिटे चालवल्यानंतर त्याला विश्रांती द्यावी, ही पुस्तिकेतील सूचना अशा वेळी तंतोतंत पाळावी.

खरेदीपूर्वी सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे, हे अवश्य पाहावे. १० अँपिअरच्या फ्यूजवर १२० वॉटच्या आसपासच भार घेता येतो. जास्त ताकदीचे पंप थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडावे लागतात, आणि मोठ्या टायरच्या जड गाड्यांसाठी तेच घ्यावेत. पंप वापरताना बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवले, तर गाडी बंदिस्त जागेत मुळीच नसावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

हवेची गादी फुगवण्यासाठी सोबत दिलेले प्लास्टिकचे नोझल मात्र निरुपयोगी आहे. हा पंप दाब चांगला देतो, पण हवा थोडी थोडी सोडतो. गादीला नेमके उलटे हवे असते. त्यासाठी वेगळा पंप घ्यावा.

पंक्चर झाल्यास नुसता इन्फ्लेटर पुरत नाही, म्हणून ट्यूबलेस टायरचे पंक्चर किटही सोबत ठेवावे. टायरची कड फाटली असेल तर मात्र स्टेपनीच लावावी लागते. इन्फ्लेटर आणि हे किट डिकीच्या तळाशी ठेवू नयेत, नाहीतर रस्त्याच्या कडेला सगळे सामान उतरवायची वेळ येते. माझा इन्फ्लेटर पुढच्या सीटखाली सहज मावतो.