मॅकबेथ की ईडिपस? भविष्यवाणीचं नाटक बसवायचं तर

हौशी संघाने अभिजात शोकांतिका करायची ठरवली आणि विषय नियतीचा पक्का झाला, की टेबलावर बहुधा दोन संहिता उरतात: शेक्सपिअरचा मॅकबेथ आणि सोफोक्लीसचा राजा ईडिपस. मराठीत दोन्हींची सोय आहे. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (१९५४) आणि पुलंचं 'राजा ओयदिपौस' (१९७९). कथानकं थोडक्यात: चेटकिणींचं भविष्य ऐकून सेनापती मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो आणि गादी घेतो; थीब्जचा राजा ईडिपस भविष्य टाळायला जातो आणि त्याला कळतं की आपण नकळत बापाला, आधीच्या राजा लायसला, मारलं आणि आई जोकास्टाशी लग्न केलं. दोन्हीकडे भविष्य आधी सांगितलं जातं आणि शेवटी खरं ठरतं. बसवणाऱ्याच्या दृष्टीने साम्य जवळपास एवढंच.

मॅकबेथमध्ये भविष्यवाणी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होते, म्हणजे ती दाखवावी लागते. तीन चेटकिणी, कढई, चौथ्या अंकात शिरस्त्राण घातलेलं मुंडकं, रक्ताळलेलं मूल, हातात झाड घेतलेलं मुकुटधारी मूल, आणि वर आठ राजांची रांग. बजेट आणि तालमींचे दिवस इथेच जातात. ऐन प्रवेशात धूर सोडला तर पहिल्या रांगा खोकतात आणि चेटकिणींची वाक्यं ऐकू जात नाहीत. मग पाचव्या अंकात कसला उलगडा होतोय हेच मागच्यांना कळत नाही. धूर आधीच्या ब्लॅकआउटमध्ये सोडून यंत्र बंद करा. चेटकिणींची देवी हेकेटी, तिचा प्रवेश खुशाल कापा. तो शेक्सपिअरच्या काळच्याच मिडलटन या नाटककाराच्या हातचा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तो गेल्याचं प्रेक्षकांना कळतही नाही.

पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश मात्र कापू नका. जखमी सैनिक येऊन लढाईचं वर्णन करतो, ते लांबलचक वाटतं, म्हणून पहिली कात्री तिथेच लागते. पण त्याच प्रवेशाच्या शेवटी डंकन कॉडॉरची जहागीर मॅकबेथला देऊन मोकळा होतो. चेटकिणी नंतर ते 'भविष्य' सांगतात. प्रेक्षकाला माहीत असतं की हे आधीच झालंय, मॅकबेथला माहीत नसतं. तो प्रवेश उडवला की चेटकिणी खरोखरच्या त्रिकालज्ञानी ठरतात, मॅकबेथ त्यांच्या हातचं बाहुलं होतो आणि महत्त्वाकांक्षा करायला नटाला जागाच उरत नाही.

आणि ती जागा फार चांगली आहे. नशिबात राज्य असेल तर ते मी हातपाय न हलवताही मिळेल, असं तो आधी स्वतःशी म्हणतो. पुढच्याच प्रवेशात डंकन थोरल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो. खुनाचा निर्णय नटाने इथे दाखवायचा असतो. खंजिराच्या स्वगतापर्यंत थांबलं तर उशीर होतो. माल्कमचं नाव उच्चारल्यावर सगळ्यांनी अभिनंदनाला वळायचं आणि मॅकबेथने अर्ध्या मात्रेने उशिरा. एवढंच पुरतं. महत्त्वाकांक्षेचं नाटक म्हणून तुलना केली तर मॅकबेथ सरस, यात वाद नाही.

जाता जाता: द्वारपालाचा विनोदी प्रवेशही ठेवा. खून करून आलेल्या नटाला हात धुऊन, कपडे बदलून परत यायला त्याच चाळीसेक ओळी मिळतात. प्रवेश काढलेल्या प्रयोगांत मॅकबेथ ओल्या, गुलाबी हातांनी पाहुण्यांना सामोरा जातो.

ईडिपसमध्ये महत्त्वाकांक्षा नाही असं म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. तिथे ती आरोप म्हणून येते. गादीसाठी जोकास्टाचा भाऊ क्रेऑन याने आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस याला फितवलं, असा ईडिपसला संशय. त्यावर क्रेऑनचं उत्तर मोठं व्यवहारी आहे: राजाचा मान आणि अधिकार मला झोपमोड न होता मिळतोय, मग राजा कशाला होऊ? हे भाषण सात्त्विक संतापाने म्हणणारे क्रेऑन फसतात. हिशेब मांडल्यासारखं म्हटलं की प्रेक्षक हलकेच हसतो, आणि ईडिपस किती एकटा पडलाय तेही दिसतं.

बाकी सोयी उघड आहेत. जागा एकच, थीब्जच्या राजवाड्यासमोरची. मॅकबेथचे २७-२८ प्रवेश, म्हणजे तितके बदल. ईडिपसमध्ये बोलणारी पात्रं आठ, मूळ प्रयोगात ती तीन नटांत भागवली जात. डोळे फोडल्यानंतरच्या रंगभूषेला एक गीत आणि निवेदकाचं लांब भाषण एवढा निवांत वेळ मिळतो.

अडचण कोरसची, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या-गाणाऱ्या नागरिकांच्या समूहाची. मूळ संख्या १५. हौशी संघात पंधरा जण एकसुरात बोलले की व्यंजनं एकमेकांत मिसळतात आणि शाळेच्या प्रार्थनेसारखं ऐकू येतं. सात-आठ जण घ्या, ओळी एकेकाला वाटून द्या, एकत्र फक्त गीताच्या शेवटच्या दोन-तीन ओळी. गीतं निम्मी करा. संहितेत एक भोकही आहे. लायसला मारणारे अनेक होते की एक, हे विचारायला त्या खुनातून वाचलेल्या मेंढपाळाला बोलावतात आणि तो आल्यावर ते कुणीच विचारत नाही. चाणाक्ष प्रेक्षक प्रयोगानंतर चहाच्या वेळी नेमकं हेच काढतो. पण चहाच्या वेळी, प्रयोगात नाही.

माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरला ती इथेच येते. मॅकबेथमध्ये नियती पुरी होते ते दोन क्षण आजच्या नाट्यगृहात हसू आणतात. जंगल चालून येईपर्यंत तुला भय नाही, असं भविष्य असतं; ते खरं करत फांद्या धरून सैनिक आले की एक खसखस ठरलेली. ती आवरता येते: फांद्या दाखवूच नका, निरोप्याच्या चेहऱ्यावर काम भागवा. दुसऱ्याला मला तरी उपाय सापडलेला नाही. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला मारू शकणार नाही, या भरवशावर मॅकबेथ लढत असतो आणि ऐन तलवारबाजीत त्याचा शत्रू मॅकडफ सांगतो की मला आईचं पोट फाडून अकाली बाहेर काढलं होतं. सभागृहात प्रत्येक रांगेत सिझेरियन झालेलं कुणी ना कुणी असतं. 'म्हणजे काय, तोही आईच्याच पोटचा की!' ही कुजबुज होतेच. जुन्या काळी अशी प्रसूती म्हणजे बहुधा आईचा मृत्यू, हे प्रेक्षकाला त्या घाईत आठवत नाही. लढत थांबवली, ओळ हळू घेतली, दिवा बदलला, तरी शेवट कोड्याच्या उत्तरासारखाच वाटतो. अडीच तासांची मेहनत आणि नियती शब्दच्छलावर निकालात निघते.

ईडिपसचा उलगडा याच्या उलट आहे. तीन माणसं उभी: राजा, कोरिंथचा निरोप्या, म्हातारा मेंढपाळ. तान्ह्या ईडिपसला या म्हाताऱ्यानेच एके काळी निरोप्याच्या हाती दिलेलं असतं. निरोप्या बक्षिसाच्या आशेने खुशीत आहे आणि म्हाताऱ्याला जुनी ओळख पटवून देतोय. म्हातारा टाळतोय. त्याने सुरुवातीलाच रडायला घेतलं तर प्रवेश गेला. त्याला फक्त निघून जायचंय, त्याचं लक्ष विंगेकडे हवं. एकेका ओळीचे सवाल-जवाब, मग त्या ओळीही अर्ध्यावर तुटतात. मूल लायसच्या घरचं होतं, हे म्हातारा कबूल करतो तेव्हा निरोप्याचं हसू जातं. ते नेमकं तिथे गेलं पाहिजे, आधी नाही.

त्याच्याही आधी जोकास्टाची जागा आहे. साठ-सत्तर ओळी ती गप्प उभी असते आणि राजाच्या आधी सगळं समजून चुकते. तिला मधोमध ठेवू नका. दाराजवळ ठेवा, प्रकाश कमी नको, आणि बोलण्याची पाळी येईपर्यंत पाऊल हलवू देऊ नका.

तुमच्याकडे लेडी मॅकबेथसाठी दमदार अभिनेत्री असेल, तरुण मुलं भरपूर असतील आणि तलवारबाजी शिकवणारं कुणी हाताशी असेल, तर मॅकबेथ घ्यायला हरकत नाही. चौथ्या अंकातला इंग्लंडचा प्रवेश निम्म्यावर आणा, कारण त्या सुमाराला नायक फार वेळ रंगमंचावर नसतो. मध्यंतर मेजवानीच्या प्रवेशानंतर बेमालूम बसतं.

ईडिपसला मध्यंतर देऊच नका. दीड तास सलग. व्यवस्थापकांनी आग्रहच धरला तर कोरिंथचा निरोप्या येण्याआधी जे गीत आहे त्यावर पडदा पाडा. त्यानंतर कुठेही तोडलं तर उत्तरार्धात आधीचा ताण नव्याने उभा करता येत नाही.