भोसरीतील गॅरेज: ट्रॅकसाठी किट कारची तयारी

१९५७ च्या लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरील माझी किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडलेली गाडी) कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकसाठी भोसरीतील एका छोट्या गॅरेजमध्ये तयार करून घेतली. ब्रेकचे काम उत्कृष्ट झाले. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस असला, तरी हवेतील ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ अंशांवर येते आणि सलग जोरात ब्रेक दाबल्यास ऑइल उकळून पेडल मऊ पडते. म्हणून जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरले. मिस्त्रींनी मला सीटवर बसवून चारही चाकांवरील भार मोजला, सस्पेन्शनची उंची एकेका आट्याने जुळवली आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळी खूण केली. एवढी निगुती क्वचितच दिसते! वायरिंग मात्र अधिक नीट बांधायला हवे होते. मजुरी वाजवी आहे.